तक्रार करता येणारा माणूस

तक्रार करणारी माणसं आमच्या बुऱ्हाणपुरात घरटी एक तरी सापडेल, पण तक्रार करता येणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्याच सासरचा निघाला. माझ्या बायकोचे हे सख्खे काका, म्हणजे माझे चुलत सासरे. सारा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेला आणि त्यातला बराचसा प्रयोगशाळेत, त्यामुळे कुठलीही गोष्ट समोर आली की ती प्रयोगाच्या टेबलावर मांडलेली आहे असं समजूनच ते तिच्याकडे बघतात. उद्देश, कृती, निरीक्षण आणि निष्कर्ष या क्रमाखेरीज त्यांना बोलताच येत नाही. ‘पाऊस पडतोय’ असं तुमच्या-माझ्यासारखं सरळ वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. ते आधी अंगणात जातील, हात पुढे करतील, मग पन्हाळीखाली नाही ना उभे आपण याची खात्री करून घेतील आणि आत येऊन म्हणतील, “पाणी वरूनच येतंय.”

माझा धंदा सॉफ्टवेअरचा. शनवारा भागात एका कापड दुकानाच्या माडीवर माझं छोटं ऑफिस आहे. केळीचे व्यापारी, पॉवरलूमवाले, दवाखाने अशी आमची गिऱ्हाइकं. या धंद्यात प्रोग्रॅम लिहिणं सोपं. तो बिघडला की काय बिघडलं हे गिऱ्हाइकाकडून काढून घेणं म्हणजे खरी अग्निपरीक्षा. फोन येतो, “भाऊ, नाही चालून राहिलं.” मी विचारतो, काय चालत नाही? “काहीच नाही चालून राहिलं!” एवढं सांगून फोन बंद. दापोऱ्याच्या एका व्यापाऱ्याने मला असंच भर उन्हात बोलावून घेतलं होतं. पोहोचल्यावर कळलं की गावातली लाइटच सकाळपासून गेलेली आहे. बहादरपूरचे एक सद्‌गृहस्थ बोलण्यापेक्षा फोटो पाठवणं पसंत करतात. त्यांच्या फोटोत त्यांचा अंगठा असतो, चहाचा कप असतो, भिंतीवरचे देव असतात, फक्त कॉम्प्युटरचा पडदा तेवढा नसतो. तिसरी जात त्याहून अवघड, ती बिघाड सांगतच नाही, थेट औषध सांगते. “ते निळं बटन लाल करून द्या, मंग होते बराबर.” आम्ही बटण लाल करतो. काही होत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा निळं.

अशा दुष्काळात काका मला मिळाले. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी ते ‘जावयाचं काम बघायला’ म्हणून माडी चढून आले आणि त्यांच्यापुढे मोठाच पेच पडला. जावयात खोट काढायची नाही हा आमच्याकडचा दंडक. जावई बेसूर गायला तरी सासरच्यांनी माना डोलवायच्या. आणि इथे तर जावयाच्या हातचा माल समोर मांडलेला, आणि त्यात खोट दिसलेली. काकांनी बराच वेळ खुर्चीत चुळबुळ केली. मग त्यांनी जो तोडगा काढला तो आजतागायत पाळत आले आहेत. म्हणाले, “जावईबापू, नाराज नका होऊ. सॉफ्टवेअर आपलं मोठं गुणी आहे. त्याची फक्त एक सवय आपल्या कानावर घालतो.” आणि मग ती सवय त्यांनी सांगितली. पावतीवर आधी नाव लिहिलं, मग रक्कम लिहिली, मग मागे जाऊन नाव बदललं. पडद्यावर नवं नाव दिसलं, पण छापल्यावर जुनंच आलं. शेजारच्या मशीनवर करून बघितलं, तिथेही तेच. रक्कम लिहायच्या आधी नाव बदललं तर मात्र बरोबर छापतं. चहा येईपर्यंत मी चूक शोधून दुरुस्तही केली होती. काकांनी पुन्हा सगळं तसंच करून पाहिलं, पावती उजेडात धरली आणि म्हणाले, “सुटली सवय.”

एखादी गोष्ट एकदा झाली म्हणजे ती झाली, असं काका मानतच नाहीत. ती पुन्हा झाली तरच झाली. एकदा ते आमच्या घरी आले, बेल वाजवली, मी दार उघडलं. काकांनी हसून नमस्कार केला आणि बाहेरूनच दार ओढून घेतलं. पुन्हा बेल. मी पुन्हा दार उघडलं. बायको आतून विचारतेय कोण आहे, आणि मी सांगतोय, पुन्हा काकाच. शेवटी काकाच म्हणाले, “आपली बेल कधी वाजते, कधी नाही. आपण दार उघडलं ते बेल ऐकून, का खिडकीतून मला बघून, हे समजायला पाहिजे ना!” मावा जिलेबीचंही तसंच. एका दुकानातली जिलेबी त्यांना जराशी आंबट लागली. दुसरा कोणी असता तर दुकानदाराशी भांडला असता किंवा दुकान बदललं असतं. काका दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच दुकानात जाऊन तीच जिलेबी पुन्हा खाऊन आले. तिसऱ्या दिवशी सकाळची खाल्ली, ती चांगली होती. मग दुकानदाराला बाजूला घेऊन, गिऱ्हाइकांना ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी सांगितलं की संध्याकाळच्या घाण्यालाच तेवढा फरक लागतो. दुकानदाराने दुपारनंतर मावा कुठे ठेवला जातो ते पाहिलं आणि काय ते समजला. या संशोधनापायी काकांचं पोट बिघडलं ती गोष्ट वेगळी. डॉक्टरकडे गेले तर तिथेही त्यांनी पोट दुखतंय असं म्हटलं नाही. काय खाल्ल्यावर दुखतं, काय खाल्ल्यावर दुखत नाही आणि काय अजून खाऊन पाहायचं बाकी आहे, हे ऐकून डॉक्टर म्हणाले, मास्तर, बाकीचं राहू द्या.

त्यांचे काही नियम आहेत आणि ते त्यांनी मला वेळोवेळी, न विचारता, सांगितलेले आहेत. एका वेळी एकच तक्रार. दोन तक्रारी एकत्र सांगितल्या तर ऐकणारा सोपी तेवढी दुरुस्त करतो आणि अवघड विसरतो. दुसरं, रोग आपण सांगायचा, औषध ज्याचं त्याने बघायचं. आणि तिसरा नियम म्हणजे मन ताळ्यावर नसताना तक्रार करायची नाही. एकदा आमच्या प्रोग्रॅममुळे त्यांनी दुपारभर भरलेली शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची सगळी माहिती पुसली गेली. काका उठले, तापीच्या घाटापर्यंत चालत गेले, पायऱ्यांवर बसले, परत आले आणि घाम पुसत म्हणाले, “जावईबापू, नाराज नका होऊ.” नाराज व्हायचा हक्क खरं तर त्यांचा होता. माझा भागीदार हिंदी घरातला, बोलायला फटकळ. सुरुवातीला काका जिन्यावर दिसले की तो मागच्या दाराने चहा प्यायला सटकायचा. पण सहा-आठ महिन्यांत त्याच्यात असा फरक पडला की नवं काहीही गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी तोच विचारायला लागला, “चाचाजी को दिखाया क्या?”

काकांच्या घरात तेव्हा ते एकटेच होते. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि मिलिंद, त्यांचा एकुलता एक मुलगा, नोकरीला हैदराबादेत. दिवाळीला त्याला सुटी मिळेलच असं नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. पण आईच्या तिथीला मात्र तो येणारच. कार्तिक वद्य पंचमी. काकूंच्या आवडीचं करायचं, कावळ्याला घास ठेवायचा, माझ्या बायकोला सवाष्ण म्हणून जेवायला बोलवायचं आणि दोन-तीन दिवस बापलेकांनी एका घरात राहायचं. वर्षभरात काकांच्या वाट्याला येणारे मुलाच्या सहवासाचे दिवस तेवढेच. बाकी कशाबद्दलही तासभर बोलू शकणारे काका याबद्दल कधी बोलत नसत, पण त्रिपुरी पौर्णिमा जवळ आली की त्यांच्या अंगणातली बाज उन्हात टाकलेली दिसायची, आणि मिलिंद यायचा आहे हे गल्लीला कळायचं.

याच सुमाराला आम्ही तिथींची आठवण करून देणारं ॲप केलं होतं. घरातल्या गेलेल्या माणसांच्या तिथी त्यात भरून ठेवायच्या, म्हणजे दरवर्षी ती तिथी कोणत्या तारखेला येते ते महिनाभर आधी फोनवर कळतं. बाहेरगावी नोकरी करणाऱ्या मुलांची त्याने मोठीच सोय झाली, कारण त्यांना रजा तारखेने मिळते, तिथीने नाही. काकांनी मिलिंदचं नाव त्यात घातलं. स्वतःचं घालायला मात्र तयार होईनात. “मला कशाला आठवण?” एवढंच म्हणाले.

ती सगळी जोडाजोडीची वर्षं होती. ज्याला त्याला कशाला ना कशाला तरी जोडायचं होतं, फोन बँकेला, बँक कार्डाला, कार्ड आणखी कशाला. आम्हालाही तोच वारा लागला. माझं तिथींचं ॲप मराठी घरांसाठी होतं, भागीदाराचं तसंच एक हिंदी घरांसाठी होतं. दोन्ही वेगवेगळी चालवण्यापेक्षा एक करून टाकू, असं ठरवून आम्ही त्या उन्हाळ्यात दोन्ही जोडली. आणि इथे आम्ही जी चूक केली ती आमच्या गावातल्या माणसांनाच करता येईल. आमचा मराठी महिना अमावास्येला संपतो आणि हिंदी घरांतला पौर्णिमेला. उजळ पंधरवड्यात दोघांच्या महिन्याचं नाव एकच असतं, त्यामुळे कोणाला काही जाणवत नाही. अंधाऱ्या पंधरवड्यात मात्र त्यांच्या महिन्याचं नाव आमच्या एक महिना पुढे असतं. एका भिंतीपलीकडे शेजारीण अगहन, म्हणजे मार्गशीर्ष, म्हणते आणि अलीकडे आपल्या घरची कार्तिक म्हणते, दोघी एकाच दिवशी वाटीभर साखर मागतात आणि कोणाचंच काही अडत नाही. पण मशीनला शेजारधर्म माहीत नसतो. जोडताना मराठी घरांच्या तिथीही हिंदी हिशेबाने वाचल्या गेल्या, आणि मराठी घरांतली प्रत्येक वद्य तिथी एक महिना अलीकडे सरकली.

त्यानंतर आमच्याकडे जे फोन आले त्यांत नेहमीची करमणूक होती. कोणी म्हणालं तुमचं पंचांग पागल झालं. कोणी म्हणालं बराबर चालून राहिलं. मी घरचं पाहिलं, तर माझ्या वडलांची तिथी शुद्ध पक्षातली, ती बरोबर दाखवत होती. भागीदार म्हणाला, “मेरे यहाँ तो सब सही आ रहा है,” कारण त्याच्या घरचं बरोबरच येणार होतं. मग दोघांनी ठरवलं की लोकांनीच तिथी चुकीच्या भरल्या असणार. काकांना विचारावं असं मनात आलं होतं, पण ते कोजागिरीपासून ऑफिसकडे फिरकलेच नव्हते.

कार्तिकातली वद्य पंचमी आली. मी आणि बायको नेहमीप्रमाणे काकांकडे जेवायला गेलो. पानं वाढलेली होती, कावळ्याचा घास गच्चीवर ठेवलेला होता, पण घरात काका एकटेच. बायकोने विचारलं, “काका, दादा नाही आला?”

“आला होता,” काका म्हणाले. “मागच्या महिन्यात.”

तेवढं सांगून ते वाढायला वळले. आम्हाला आग्रह करकरून वाढलं, बायकोच्या हातात खण-नारळ ठेवला. मग मला बाहेर बाजेवर बसवलं आणि समोर खुर्ची घेऊन म्हणाले, “जावईबापू, नाराज नका होऊ. एकच गोष्ट सांगायची आहे.” आणि शाळेत सांगावं तसं सांगायला लागले. कोजागिरी होऊन चार-सहा दिवस झाले असतील, सकाळी दार वाजलं. दारात मिलिंद, बॅग घेऊन. म्हणाला, बाबा, उद्या आईची तिथी ना, यंदा दिवाळीआधीच आली. फोनवर आठवण आली, रजा टाकून आलो. काकांनी त्याचा फोन पाहिला. तिथी बरोबर भरलेली, तारीख महिनाभर आधीची. तो गेल्यावर त्यांनी ओळखीच्या घरोघरी जाऊन चौकशी केली. मराठी घरांत वद्य तिथी असलेल्या सगळ्यांना आठवण आधी आलेली, शुद्ध तिथीवाल्यांना बरोबर. हिंदी घरांत दोन्ही बरोबर. “म्हणजे लोकांनी भरण्यात गडबड नाही. अंधाऱ्या पंधरवड्यातच काही तरी होऊन राहिलं. का होतं, ते आपण बघा.”

मला त्याच क्षणी सगळं लख्ख समजलं. पण दुसरंच काहीतरी सलत होतं. मी विचारलं, “काका, तुम्ही मिलिंदला सांगितलं नाही?”

“नाही सांगितलं.” मिठाचा खडा कमी पडला तर सांगितल्याशिवाय न राहणारा हा माणूस खाली बघून बोलत होता. “सांगितलं असतं तर काय झालं असतं? त्याची रजा तर गेलीच होती. पुन्हा यायला मिळणार नव्हतं. पोरगा तोंड पाडून बसला असता. मी म्हटलं गुरुजी गावाला गेलेत, आपण घरीच नैवेद्य दाखवू. मी स्वयंपाक केला, त्याने घास ठेवला. कावळा आला बी. तीन दिवस राहिला, मजेत गेला.”

“मग इतके दिवस आम्हाला तरी का नाही कळवलं?”

“मन ठिकाणावर नव्हतं. राग येऊन राहिला होता का वाईट वाटून राहिलं होतं, तेच कळेना. अशा वेळेचं निरीक्षण भरवशाचं नसतं.”

मग काकांनी खुर्ची जरा पुढे ओढली आणि त्यांच्या सगळ्या नियमांत न बसणारं एक वाक्य बोलले. “बाकीच्यांचं दुरुस्त करून द्या. मिलिंदच्या फोनवर मात्र ती चुकीची आठवणही येऊ देता येईल का? खरी तर येईलच. त्याच्यासोबत ही एक. एकीला नाही जमलं तर दुसरीला येईल तो.” खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात हो म्हणून टाकलं होतं. एका फोनवर एक जादा आठवण जाण्याने कोणाचं काय बिघडणार होतं? पण दुसऱ्या दिवशी आम्ही ऑफिस उघडतोय तोच काका जिना चढून आले, बसलेही नाहीत. “काल शेवटचं जे बोललो ते रद्द. माहीत असून चूक ठेवली तर तिला चूक नाही म्हणत, खोटं म्हणतात. एकदा बोललो मी पोराशी खोटं, तेवढं पुरे. सगळ्यांचंच दुरुस्त करा.” आणि आम्ही ते केलं. भागीदाराने, न राहवून, ज्या ज्या घरांना चुकीची तारीख गेली होती त्या सगळ्यांना माफीचा निरोप पाठवला. तो मिलिंदलाही गेला. हे ना मला आधी सुचलं ना काकांना. संध्याकाळी मिलिंदचा माझ्या बायकोला फोन. “बाबांनी सांगितलं का नाही मला?” ती म्हणाली, त्यांनाच विचार. बापलेक काय बोलले ते आम्ही विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही.

पुढचं वर्ष आलं, कोजागिरी झाली. एका सकाळी काका ऑफिसात हजर. दाढी केलेली, पण एका गालाला साबण तसाच. म्हणाले, “जावईबापू, नाराज नका होऊ. तो बिघाड पुन्हा आलाय.”

“कुठला?”

“पंधरवड्याचा. मिलिंद आलाय ना घरी. सकाळच्या गाडीने. बॅग घेऊन.”

मी आणि भागीदार दोघंही कॉम्प्युटरला चिकटलो. पुन्हा पुन्हा पाहिलं. मिलिंदच्या फोनवर आमच्याकडून काहीही गेलेलं नव्हतं. एकच आठवण जायची होती, ती कार्तिकातली, बरोबर तारखेची, आणि ती अजून निघालेलीच नव्हती. तसं मी सांगितलं.

“काहीच नाही गेलं?”

“काहीच नाही, काका.”

“नीट बघा एक बार.”

“चाचाजी, हमारे यहाँ से कुछ नहीं गया,” भागीदार हळूच म्हणाला.

मी विचारलं, “तुम्ही त्याला विचारलं का, कसा आलास म्हणून?”

“विचारलं. म्हणाला, आलो. अन् तिथीला बी येणार आहे म्हणतो.” काकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले. निष्कर्षाशिवाय खुर्चीवरून न उठणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांना तो काढता येईना की सांगता येईना, कोण जाणे. चहा आला तेव्हा ते उठून उभे राहिले होते. पोरगा जागा झाला असेल, म्हणाले. जिन्याशी जाऊन वळले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, “याला हात लावू नका.”

मी नाही लावला. काका गेल्यावर आम्ही दोघं त्यांच्या वाटचा चहा समोर ठेवून नुसते बसून राहिलो, आणि मला उगाच हैदराबादच्या गाडीची वेळ बघावीशी वाटली, मिलिंद तिथून कधी निघाला असेल ते.